पाणी मागितलं, एवढंच

"येत्या रविवारी गणपतचा बाप्तिस्मा ठेवलाय," बाबा म्हणाले आणि ताटातला भात कालवायला लागले.

आई आमटी वाढत होती. तिनं वाढणं पुरं केलं, पळी पातेल्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि मग विचारलं, "कुठल्या गणपतचा?"

"शेलारच्या."

"तो सुटला?"

"सोमवारीच. वागणूक चांगली होती म्हणून सूट मिळाली. चर्चच्या मागच्या खोलीत उतरवलाय त्याला. गुळाच्या अड्ड्यावर हमालीचं बघतोय."

मी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला. गणपत शेलारनं माझ्या भावाला, उल्हासला, ठार मारलं होतं. सहा वर्षांपूर्वी, आमच्याच गावच्या उरसात, भर बाजारात, सुऱ्यानं. आणि सोमवारपासून तो आमच्या परसातल्या भिंतीपलीकडे झोपत होता.

माझे वडील पाळक होते. कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी होती, एक दगडी चर्च होतं आणि चर्चला लागून आमचं कौलारू घर. बाबा उंच, शिडशिडीत, बोलायला मोजके. देवाची निवड हा त्यांचा आवडता विषय. इतर पाळक नाताळात गोठ्यातल्या बाळावर बोलत, बाबा तेव्हाही फिरून निवडीवर येत. जग झालं नव्हतं तेव्हाच देवानं आपली माणसं निवडून ठेवली. त्यांचे गुण बघून नव्हे, केवळ स्वतःच्या मर्जीनं. हे ते इतक्या शांतपणे सांगत की लहानपणी मला ती शाळेच्या लेझीम पथकाची निवड वाटायची, आणि आपलं नाव त्यात आहेच अशी खात्री असायची. पाळकाच्या मुलांना ही खात्री जरा जास्तच असते.

उल्हासला ती नव्हती. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. वयात आलेल्या मुलांनी विश्वासाची जाहीर कबुली द्यायची, तो दृढीकरणाचा विधी. त्याच्या दृढीकरणाच्या दिवशी बाबांनी सगळ्या मंडळीसमोर एकेका मुलाला विचारलं, "येशू ख्रिस्त तुझा तारणारा आहे असा तुझा विश्वास आहे काय?" मुलं पाठ केल्याप्रमाणे "होय, आहे" म्हणत गेली. उल्हासची पाळी आली. तो म्हणाला, "मला अजून ठाऊक नाही, बाबा."

तिथं त्यानं पाळकसाहेब म्हणायला हवं होतं. बाबा म्हणाला, हेही लोकांनी लक्षात ठेवलं.

घरातून त्याला कुणी काढलं नाही. तोच महिन्याभरात बाहेर पडला. बसस्टँडजवळच्या एका छापखान्यात खिळे जुळवायच्या कामाला लागला आणि तिथंच वर एका खोलीत राहू लागला. कुणाच्या बाळंतपणाला टांगा आणायचा, कुणाला दवाखान्यात न्यायचं, बेवारशी प्रेताला खांदा द्यायचा, अशा सगळ्या ठिकाणी उल्हास. आई दुपारी त्याला डबा नेऊन द्यायची. बाबा कधी गेले नाहीत. ती खोली त्यांच्या सायकलीच्या रोजच्या वाटेवर होती.

उरसात गणपत दारू पिऊन एका गाडीवानाशी भांडत होता. त्यानं सुरा काढला आणि उल्हास मध्ये पडला. गाडीवान पळाला. गणपतची नशा तिथंच उतरली असं लोक सांगत. पोलीस येईपर्यंत तो उल्हासचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

बाबांनी प्रेत चर्चमध्ये नेलं नाही. दृढीकरण न झालेल्याची अंत्यविधीची उपासना वेदीसमोर होत नाही, हा मंडळीचा नियम होता आणि बाबांनी तो स्वतःच्या मुलालाही सोडला नाही. खड्ड्याच्या कडेला उभं राहून त्यांनी प्रार्थना केली ती मागे राहिलेल्यांसाठी. उल्हाससाठी एक शब्द नाही. आमच्यात थडग्याच्या दगडावर 'प्रभूमध्ये निजला' असं कोरायचा रिवाज आहे. आईनं तेवढंच मागितलं. बाबा म्हणाले, "मला जे ठाऊक नाही ते मी दगडावर कसं कोरू?" दगडावर नाव आहे आणि दोन तारखा आहेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा दर गुरुवारी एस.टी.नं कोल्हापूरला जाऊ लागले. तुरुंगात कैद्यांसाठी प्रार्थना घ्यायला. गणपत त्याच तुरुंगात आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. बाबा त्याला भेटतात की टाळतात, हे मी कधी विचारलं नाही. आईनंही नाही. गुरुवारी संध्याकाळी ते परत आले की न्हाणीघरात बराच वेळ पाय धूत बसत, एवढंच आम्ही बघायचो.

आज त्याचं उत्तर ताटावर आलं होतं.

"त्याला देवानं निवडलंय," बाबा म्हणाले. "माझी खात्री झालीय."

"कशावरून?" आईनं विचारलं.

"खूण दिसली."

"कसली खूण?"

बाबा भात पुन्हा कालवायला लागले.

"एवढं काय कमावलं हो त्यानं?"

"कृपा कमवायची नसते. कमावली तर ती मजुरी झाली."

"मग उल्हासला का नाही मिळाली?" आई म्हणाली. आवाज अगदी साधा, मीठ हवंय का विचारल्यासारखा. "त्यानंही काही कमावलं नव्हतं."

बाबांनी कालवलेला भात तसाच ठेवून हात धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चोपडे मास्तर आले. ते मंडळीच्या पंचांपैकी एक, शाळेतून निवृत्त झालेले, सदा उत्साहात. व्हरांड्यात येऊन खुर्चीत बसायच्या आतच त्यांनी सुरुवात केली, "पाळकीणबाई, अशी साक्ष साऱ्या जिल्ह्यात झाली नसेल! मी आसपासच्या मंडळ्यांना निरोप धाडलेत. दीडशे माणूस तरी येईल. बापानं मुलाच्या मारेकऱ्याच्या डोक्यावर पाणी घालायचं, म्हणजे काय साधी गोष्ट आहे?"

"नाही," आई म्हणाली. "साधी नाही."

"आणि सहभागितेचा हात पहिला तुम्ही द्यायचा. पाळकसाहेबांशी बोललोय मी. बाप्तिस्मा झाला की सगळी मंडळी त्याचा हात हातात घेईल, पण पहिला हात आईचा. लोकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहील."

आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. "साखर बेताची घातलीय. लागली तर सांगा," ती म्हणाली.

मास्तरांनी ते हो म्हणून धरलं.

शनिवारी दुपारी आई स्वयंपाकघरात रविवारच्या उपासनेत वाटायची प्रभुभोजनाची पोळी करायला बसली होती. बिनखमिराची, जाडसर, लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती तीच करायची. बाबा बाहेर गेले होते. मी व्हरांड्यात कॉलेजचे पाठ काढत बसले होते. मी तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. फाटक वाजलं म्हणून मान वर केली, तर पायरीखाली एक माणूस उभा होता. मोठ्या हाडाचा, पण अंगावरचं मांस कुणी ओरबाडून नेल्यासारखा. अंगात नवा कोरा पांढरा सदरा. वहाणा त्यानं फाटकाबाहेरच काढल्या होत्या.

मी त्याला कोर्टात एकदाच पाहिलं होतं. तरी ओळखायला वेळ लागला नाही.

"आईसायबांस्नी भेटायचं हुतं," तो म्हणाला. "सायबांनी सांगिटलंय."

मी खिडकीतून आत पाहिलं. आईनंही त्याला पाहिलं होतं. ती उठली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"आई भेटणार नाही," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. पण हलला नाही. उन्हात तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "तुमी उल्हासदादांच्या धाकट्या."

"त्याचं नाव घेऊ नका."

"बरं."

त्या 'बरं'नं माझं डोकं फिरलं. त्यानं वाद घातला असता, पाया पडला असता, काहीही केलं असतं तर मला त्याला हाकलता आलं असतं. मी पायरीपर्यंत गेले. "एक सांगा मला," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी काय बघितलं तुमच्यात? सख्ख्या मुलाच्या खोलीची पायरी चढले नाहीत ते. तुमच्यासाठी दर आठवड्याला एस.टी.नं धक्के खात गेले. काय आहे असं तुमच्यात?"

"म्या बी तेच इचारतो सोताला, ताई," तो म्हणाला. "म्या न्हाई बोलवलं त्यास्नी. पयल्यांदा आले तवा मला वाटलं, शिव्या घालाया आल्यात. घाला म्हनलं. तर समोर बसले आन् म्हनाले, 'गणपत, तो गेला तेव्हा त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. तो शेवटी काय बोलला?'"

माझ्या हातातली पेन्सिल पायरीवर पडली. त्यानं ती वाकून उचलली, पण मला द्यायचं धाडस झालं नाही. पायरीच्या कडेला ठेवली.

"म्या म्हनलं, पानी मागितलं. सायेब म्हनाले, 'आणि?' म्या म्हनलं, एवढंच. ते गेले. फुडल्या बेस्तरवारी परत आले. पुन्ना तेच. 'नीट आठव, गणपत. देवाचं नाव घेतलं का? प्रभू म्हणाला का? बोलला नसेल तर ओठ तरी हलले असतील.' म्या म्हनायचा, न्हाई सायेब. पानी मागितलं. मग ते डोळं मिटून बसायचे घटकाभर आन् उठून जायाचे. लई दिस असंच."

"वर्षभर?"

"जास्तच. आमच्या बराकीत एक म्हातारा हुता. त्यो म्हनला, येड्या, सांगून टाक की, घेतलं देवाचं नाव. तुझं काय जातंय? त्येचा जीव थंड हुईल, तुला बी सुटका. म्या बी ठरवलं हुतं ताई. पाठ केलं हुतं, काय बोलायचं ते. पर सायेब समोर आले की जमंना. आधीच त्येंचं पोरगं घेतलं, आता वर खोटं देऊ?" तो थांबला. नव्या सदऱ्याची बाही त्यानं चेहऱ्यावरून फिरवली. "एक डाव त्येनी माझं दोनी हात धरलं. म्हनाले, 'गणपत, तुला कळतं मला काय ऐकायचंय. मग तू खोटं का बोलत नाहीस?' म्या म्हनलं, जमत न्हाई सायेब. तवा ते रडले. लई रडले. शिपाई बघाया लागला. मग म्हनाले, 'हा खरेपणा तुझा नव्हे. हा देवानं तुझ्यात घातलाय.' तवापास्नं मला शास्त्र शिकवाया लागले."

ती खूण ही होती. बाबा सहा वर्षं तुरुंगात गेले ते गणपतला वाचवायला नव्हे, उल्हासला वाचवायला. उल्हासच्या तोंडून निघालेला एखादा शब्द, नुसता देवाचा उच्चार, एवढा पुरावा हाती लागला असता तर त्यांनी स्वतः छिन्नी घेऊन दगडावर ती अक्षरं कोरली असती. तो शब्द गणपतजवळ नव्हता आणि नसलेला शब्द त्यानं दिला नाही. ज्या खरेपणानं माझा भाऊ बुडाला, त्याच खरेपणावर हा माणूस तरून आमच्या दारात उभा होता.

"जा तुम्ही," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

मागे वळले तर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आई उंबऱ्यात उभी होती, हाताला कणीक. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ती रडेल, निदान बसेल. ती परत आत गेली आणि कणीक पुन्हा मळायला लागली. ती कणीक आधीच मळून झाली होती.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चोपडे मास्तरांनी पताका लावल्या होत्या आणि पाहुण्यांसाठी शाळेची बाकं आणून मागे मांडली होती. मी पेटीवर होते. आई नेहमीच्या जागी, बायकांच्या पहिल्या बाकावर, पांढऱ्या काठाच्या लुगड्यात. गणपत वेदीसमोर उभा होता आणि सगळं चर्च त्याच्या पाठीकडे बघत होतं.

बाबांनी प्रश्न विचारले. त्यानं "व्हय, हाय" अशी उत्तरं दिली. एकदाही अडखळला नाही. मग विधीत असतं तसं बाबा मंडळीकडे वळले. "या मनुष्याला मंडळीत घेण्यास कुणाची हरकत असेल तर त्यानं आता बोलावं."

हे कायम विचारलं जातं आणि कुणी कधी काही बोलत नाही. बाबांनी पाण्याच्या भांड्याकडे हातही नेला होता.

आई उभी राहिली.

"पाळकसाहेब," ती म्हणाली. बाबांना असं म्हणताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "हरकत नाही. एक विचारायचं आहे."

चोपडे मास्तर अर्धवट उठले, बसले. बाबा म्हणाले, "विचारा."

आई गणपतकडे वळली. "माझा मुलगा शेवटी काय बोलला?"

गणपतनं बाबांकडे पाहिलं. बाबा पाण्याकडे बघत होते.

"पानी मागितलं, आईसायेब."

"एवढंच?"

"एवढंच."

"दिलंस?"

त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. "न्हाई. उठून जायाचं तर डोकं खाली कसं ठिवू? म्या वरडलो, पानी आना, पानी आना म्हनून. समदी लांब उभी हुती. माझ्या हातात सुरा बघून कुनी जवळ येईना. एका पोरीनं आनलं तांब्याभर, तवा... तवा उशीर झाला हुता."

"बरं," आई म्हणाली आणि खाली बसली.

बाबांनी पाण्याचं भांडं जवळ ओढलं. इतरांच्या बाप्तिस्म्याला ते चार बोटं पाण्यात बुडवून डोक्यावर शिंपडत. त्या दिवशी त्यांनी ओंजळ भरून घेतली. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं त्यांनी ती गणपतच्या डोक्यावर रिकामी केली, तीनदा. पाणी त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरलं, फरशीवर सांडलं. मी गाणं सुरू करायचं होतं. माझी बोटं पेटीवर होती, पण स्वर सापडेना.

मग चोपडे मास्तरांनी खूण केली. पहिला हात आईचा. आई उठली, लुगडं सावरलं आणि गणपतच्या अंगावरून, त्याला वळसा न घालता आणि त्याच्याकडे न बघता, बाजूच्या दारानं बाहेर गेली. मास्तर पुढे धावले आणि पहिला हात त्यांनीच दिला. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते म्हणाले होते तसंच. नंतर प्रभुभोजन झालं. आईनं भाजलेली पोळी बाबांनी मोडून सगळ्यांना दिली. गणपतनं ती दोन्ही हातांनी घेतली.

घरी आलो तेव्हा आई मागच्या व्हरांड्यात तांदूळ निवडत बसली होती. बाबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुला कळलं तर," ते म्हणाले.

"मला सांगायचं होतं. मी तुमच्याबरोबर आले असते तुरुंगात."

"काय सांगणार होतो? काही मिळालंच नाही. मला एक शब्द पुरला असता गं. एक शब्द. सहा वर्षं मी हात पसरत होतो त्याच्यापुढे."

"मिळाला की शब्द. पाणी."

"त्यावर मी काय उभं करू?"

आईनं सूप खाली ठेवलं. "वधस्तंभावर ज्यानं तहान लागली म्हणून सांगितलं, तो कोण होता? तेव्हा तुम्ही तिथं असतात तर त्यालाही विचारलं असतंत, एवढंच का? आणखी काही बोललास का?"

बाबा इतके पांढरे पडले की मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"त्याची तहान निराळी, लीला," ते म्हणाले.

"तहान निराळी नसते," आई म्हणाली. "पाणी देणारे निराळे असतात." आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

यापुढे त्या दोघांत हा विषय निघाला नाही. आई दर रविवारी चर्चला येत राहिली, पण मागच्या बाकावर बसू लागली. पोळी भाजून द्यायची आणि स्वतः घ्यायची नाही. बाबांनी तिला कधी टोकलं नाही. मंडळीत कुजबुज झाली, मग तीही जुनी झाली. गणपत मात्र मंडळीचा होऊन गेला. अड्ड्यावर लोक त्याच्या शब्दावर व्यवहार करत. चर्चच्या किल्ल्या त्याच्याकडे आल्या, पुढे पंचांतही त्याचं नाव आलं. त्याला खोटं बोलताना कुणी ऐकलं नाही. आई त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. समोरून आला की ती त्याला वाट द्यायची, अनोळखी माणसाला देतात तशी.

माझं लग्न होऊन मी सांगलीला आले. दोन मुलं झाली. आणि मग एका उन्हाळ्यात बाबांना मिरजेच्या दवाखान्यात आणलं. पोटात गाठ होती आणि उघडून बघून डॉक्टरांनी पुन्हा शिवून टाकलं होतं. ते शुद्धीत होते. वेदना होत्या, पण त्यांनी कधी आवाज काढला नाही.

एक दिवस दुपारी गणपत भेटायला आला. केस पिकले होते, हातात मोसंब्यांची पिशवी. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. आई उशाशी बसून बाबांना वारा घालत होती. बाबांनी डोळे उघडले, त्याला ओळखलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला तिथं थांबवेना, पण थांबले.

"गणपत," ते म्हणाले. "जवळ ये. पुन्हा एकदा सांग."

"काय सायेब?"

"तो शेवटी काय बोलला?"

गणपतनं पिशवी खाली ठेवली.

"नीट आठव," बाबा म्हणाले. श्वास घेत, थांबत. "मी आता जाणार. मला कळायला हवं. तिकडं गेल्यावर मी त्याला शोधू की नको?"

आईच्या हातातला पंखा थांबला. तिनं वर पाहिलं, सरळ गणपतकडे.

"गणपत," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं त्याला मारलेली ती पहिली हाक. "आठव जरा. ओठ हलले असतील त्याचे."

त्याला कळलं. मला कळलं, तसं त्यालाही लख्ख कळलं ती काय मागतेय. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठल्या. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल. बोल की. एक वाक्य. या घराचं तुझ्याकडे दुसरं काही मागणं नाही.

"सायेब," तो म्हणाला, "पानी मागितलं."

बाबांनी हात उचलायचा प्रयत्न केला. गणपतनं तो धरला. बाबा त्याच्या बोटांवर थोपटत राहिले, शिक्षक शहाण्या मुलाला थोपटतो तसं. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर आहे. देवाचा आहेस तू." मग हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

ते दुसऱ्या दिवशी गेले. त्या दुपारनंतर ते कुणाशी बोलले नाहीत, माझ्याशी नाही, आईशी नाही, आणि जवळ येऊन कान लावला तरी प्रार्थनाही ऐकू येत नव्हती.

त्या दुपारी गणपत बाहेर दवाखान्याच्या व्हरांड्यात खांबाला टेकून रडत होता. आई पाण्याचा जग भरायला म्हणून बाहेर आली, मी तिच्या मागे. त्याच्याजवळ येऊन ती थांबली.

"जीभ वळली न्हाई, आईसायेब," तो म्हणाला. "लई जोर लावला. वळली न्हाई."

"तुझा काय दोष?" आई म्हणाली. "तू निवडलेला."

त्यानं हात जोडले. ती दोन पावलं पुढे गेली आणि मग वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी तो चेहरा अजून विसरलेली नाही.

"माझा उल्हास असता ना," ती म्हणाली, "तर बापासाठी खोटं बोलला असता."